मास्तर सिग्नलला थांबले होते

चलन घरी आलं तेव्हा मोटार ट्रेनिंग स्कूलचे मास्तर जेवायला बसले होते. बायकोनं पाकीट फोडून ताटाशेजारी ठेवलं. शेजारच्या राज्यात लाल सिग्नल तोडल्याबद्दल दंड! गाडीचा नंबर बरोबर, तारीखही बरोबर. गेल्या महिन्यात दोघं मुलीकडे गेले होते, त्याच दिवसाची.

"शक्यच नाही!" मास्तरांचा घास हातातच राहिला. "तीस वर्षं लोकांना थांबायला शिकवतोय मी. तिथंही थांबलो होतो. चांगलं आठवतंय मला."

"अहो, भरून टाका ना."

"दंडाचा प्रश्न नाही, अब्रूचा आहे!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते चलन वर्गातल्या फळ्यावर चिकटवलं आणि खोट्या चलनाशी कसं लढावं यावर तासभर बोलले. शिकाऊ मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी तिथल्या कोर्टात दाद मागितली, तेव्हा त्यातले दोघं तर सुनावणी बघायला स्वतःहून बसनं निघाले. आता माघार घ्यायची सोयच उरली नाही.

सहा तास गाडी हाकून मास्तर बायकोसह त्या परक्या कोर्टात उभे राहिले. त्यांचे दोन्ही विद्यार्थी आधीच मागच्या बाकावर बसले होते.

"मॅडम," मास्तर न्यायाधीशबाईंना म्हणाले, "मी पांढऱ्या रेषेच्या आत, हँडब्रेक ओढून थांबलो होतो. तुमच्याच कॅमेऱ्याचं चित्रण लावा!"

कारकुनानं ते भिंतीवरच्या पडद्यावर लावलं. मास्तरांची गाडी आली आणि रेषेच्या वीतभर मागं, अगदी पुस्तकात दाखवतात तशी थांबली.

"बघा!" मास्तर विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाले.

दिवा हिरवा झाला. बाकीच्या गाड्या गेल्या. मास्तरांची हलली नाही. मागून हॉर्न सुरू झाले. दिवा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. शेवटी रस्ता झाडणाऱ्या बाईनं झाडूच्या दांड्यानं काचेवर टकटक केलं. गाडीनं गचका खाल्ला आणि लाल दिव्यातून सुसाट निघून गेली.

कोर्टात हशा पिकला. मास्तरांचे कान तापले. पुढचंही आता त्यांना चांगलं आठवलं. डोळा लागला होता. मागच्या सीटवर बायकोही झोपलेली, त्यामुळे उठवायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात बायको उभी राहिली. "मॅडम, गाडी मी चालवत होते."

"लायसन्स आहे तुमच्याकडे?"

तिनं पर्समधून काढून दिलं. चार वर्षांपूर्वीचं होतं. मास्तर डोळे फाडून बघत राहिले.

"हे कधी काढलंस?"

"तुम्ही सकाळची बॅच घ्यायचात तेव्हा. बाजारातल्या त्या दुसऱ्या स्कूलमध्ये शिकले."

"अगं, घरात मी असताना?"

"तुम्ही फार ओरडता हो."

मागच्या बाकावर दोन माना नकळत होकारार्थी हलल्या. मास्तरांना ते दिसलं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्यांना झालं. आणि एवढं होऊनही ही बाई आपल्यासाठी भर कोर्टात खोटं बोलतेय!

"मॅडम, गाडी मीच चालवत होतो," ते खाली मान घालून म्हणाले. "म्हणजे... चालवत नव्हतो. झोपलो होतो."

न्यायाधीशबाईंनी दंड कायम केला आणि बायकोला खोटं बोलल्याबद्दल समज दिली. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "आता परत जाताना गाडी कोण नेणार?"

बायकोनं हात पुढं केला. मास्तरांनी मुकाट्यानं किल्ली दिली.

कोर्टाच्या आवारात गाडी दोन्ही बाजूंनी अडकली होती. तिनं सीट पुढं ओढली, आरसे नीट केले आणि एका दमात गाडी मागं घेत बाहेर काढली. मास्तरांच्या विद्यार्थ्यांना एवढं जमायला तीन आठवडे लागत. शहर मागं पडेपर्यंत ते तिची चूक शोधत होते.

"इंडिकेटर..."

"दिलाय."

बऱ्याच वेळानं मास्तर खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "काय गं, गाडी मागं घेताना तो तुझा बाजारातला मास्तर नेमकं काय सांगतो?"

"काही नाही," बायको आरशात बघत म्हणाली. "गप्प बसतो."