पत्ता बदललेलं यकृत

मंदाकिनी उकिडवे यांच्या स्वादुपिंडाने त्यांच्या यकृताला पाठवलेले निरोप तीन आठवडे वरच्या मजल्यावरच्या शरद कुरुंदवाडे यांच्या यकृताला मिळत होते.

मिरजेच्या त्या दुमजली इमारतीत दोघांनी राजीखुशीने घरांची अदलाबदल केली होती. बाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता. कुरुंदवाड्यांना गच्चीवर गुलाब लावायचे होते. तेव्हापासून बाईंची उपाशीपोटीची साखर दोनशेसाठच्या खाली येईना. कुरुंदवाडे मात्र जेवणानंतर घामाघूम होत. गुरुवारी ते जिन्यातच कोसळले. त्यांनी डोळे उघडताच बाईंनी त्यांना साखरपाणी पाजलं आणि रिक्षा करून दोघं डॉ. नसरीन तांबोळींकडे गेले.

डॉक्टरांनी दोघांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले.

"जेवण झालं की स्वादुपिंड इन्सुलिन पाठवतं. ते यकृताला सांगतं, बाहेरून साखर आलीय, आता तुमची सोडू नका, साठवा. बाई, तुमच्या यकृताला हे कुणी सांगितलेलंच नाही. आणि यांच्या यकृताला दोन-दोनदा सांगितलंय. घर बदलल्याचं आत कळवलं होतं का?"

"मी त्याच दिवशी कळवलं," कुरुंदवाडे म्हणाले. ते महापालिकेत जन्ममृत्यू नोंदणीला होते.

"मी गॅसवाल्याला तेवढं कळवलं," बाई हळूच म्हणाल्या.

डॉक्टरांनी अर्ज भरून घेतला. अंमल व्हायला आठ दिवस लागणार होते. "तोवर बाईंचा निरोप तुम्ही स्वीकारायचा नाही," त्यांनी कुरुंदवाड्यांना बजावलं. "खाली नेऊन द्यायचा."

बाई जेवल्या की कुरुंदवाडे खाली येत. बाई ताठ बसत. पहिल्या दिवशी ते बाईंच्या उजव्या बरगडीसमोर नुसतेच उभे राहिले.

"असं यकृताशी बोलायची सवय नाही हो."

"अहो-जाहो करा. ऐकेल."

"इन्सुलिनचा निरोप आहे," कुरुंदवाडे खाकरून म्हणाले. "साखर सोडू नका. साठवा."

यकृताने ऐकलं. रविवारी कुरुंदवाडे जयसिंगपूरला बहिणीकडे गेले, तेव्हा ते परत येईपर्यंत बाई जेवल्या नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी बाईंची साखर शहाण्णव आली. रिपोर्ट तीनदा वाचून त्या दवाखान्याच्या बाकावर बसल्या आणि थोडं रडल्या.

दुपारी कुरुंदवाडे खाली आले. त्यांच्या कपाळावर घामाचा थेंबही नव्हता.

"आज माझ्याकडे तुमचं काही आलं नाही. तुम्हाला निरोप मिळाला?"

"मिळाला. थेट."

कुरुंदवाड्यांनी मोठा श्वास सोडला. "मग मी निघतो."

"बसा हो. ताक केलंय."

दोघांनी ताक घेतलं. दोन निरोप निघाले आणि दोन्ही आपापल्या पत्त्यावर पोहोचले.