पेलमबाई आणि अकराची आंघोळ

खांडवेकर काका सकाळी अकराला आंघोळीला गेले की मी समजायचे, क्युबात कोणीतरी गेलं.

आमची घरं एकमेकांना चिकटलेली. अमेरिकेतल्या हर्नडनमधल्या या टाउनहाउसच्या भिंती बांधणाऱ्याने पुठ्ठ्याच्या केल्या असाव्यात, कारण काकांच्या बाथरूममधला नळ सुटला की आमच्याकडे पाऊस पडल्यासारखा ऐकू येतो. त्यांची सकाळी सहाची आंघोळ रोजची. अकराची मात्र खास, आणि ती नेमकी मी घरून काम करत असेन तेव्हा, माझ्या कॉन्फरन्स कॉलच्या मध्ये. "तू धबधब्याजवळ बसली आहेस का?" असं मॅनेजरने एकदा विचारलं. मी म्हटलं, शेजारी एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांच्या ओळखीचं कोणी वारलंय. त्या बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी मला सांत्वनाची ईमेल पाठवली.

आता ज्यांच्याशी आपलं ना सोयर ना सुतक, अशांसाठी डोक्यावरून पाणी घेणारा हा माणूस कोण, ते सांगायला हवं.

मनोहर खांडवेकर मूळचे नागपूरचे. ज्या पत्रांचा धनी सापडत नाही अशी पत्रं टपालखात्याच्या ज्या कचेरीत जमा होतात, तिथे त्यांची सगळी नोकरी गेली. पत्र फोडायचं, वाचायचं आणि आतल्या मजकुरावरून माणूस हुडकायचा. थोडक्यात, दुसऱ्याची पत्रं वाचायचा सरकारी पगार. निवृत्त झाल्यावर ते आणि काकू मुलाकडे, अमोलकडे, इथे आले आणि दुसऱ्याच हिवाळ्यात काकू गेल्या. त्यानंतर काका खिडकीत बसून पोस्टाच्या गाडीची वाट बघायचे. गाडी यायची आणि पिझ्झाची कुपनं टाकून जायची. काका ती कुपनंही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत.

मग नातीच्या, ईशाच्या, शाळेतून एक चिठ्ठी आली. दोन तासांवरच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या पत्रांची खोकी होती. ती टाइप करून कॉम्प्युटरवर चढवायची होती आणि त्यासाठी जुनं वळणदार हस्ताक्षर वाचणारी माणसं हवी होती, फुकट. काकांनी लगेच हात वर केला. तेव्हापासून ग्रंथालयातली कॅरल नावाची बाई त्यांना झेरॉक्सची पाकिटं पाठवायची, काका दोन बोटांनी टाइप करायचे आणि पुढे ओळख वाढल्यावर ती फाइल मी कॅरलला ईमेल करायचे, कारण अमोल सोमवार ते गुरुवार क्लायंटच्या गावी.

पत्रं होती पिवळ्या तापाची. शंभर वर्षांपूर्वी क्युबात अमेरिकन सैन्य या तापाने पटापट मरत होतं. रोग्याच्या कपड्यांतून, पांघरुणांतून ताप पसरतो अशी समजूत होती. मग काही डॉक्टरांनी तिथे तळ ठोकला आणि काही शिपाई आपणहून पुढे झाले. काही जण रोग्यांच्या घाण चादरींवर झोपले, त्यांना काही झालं नाही. काहींनी स्वतःला डास चावून घेतले आणि ते तापाने फणफणले. डास सापडला. ही झाली पहिली काही खोकी. उरलेली सगळी त्याच्यानंतरची: स्मारक कुठे उभारायचं, पाटीवर कोणाचं नाव वर, समारंभात पुढच्या रांगेत कोणी बसायचं, शोध नक्की कोणाचा. डॉक्टर गेले, तर त्यांच्या मुली भांडल्या. शिपाई गेले, तर त्यांच्या बायका भांडल्या. आपल्याकडच्या वाटण्या परवडल्या.

काकांना हे काही जुनं वाटतच नसे. टपालाला वय नसते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आज उघडलं ते आजचं पत्र. त्यामुळे पत्रात कोणी गेलं की पाकीट खाली ठेवून ते आंघोळीला जायचे. पूर्वी घरी मृत्यूची बातमी आली की असंच करायचे ना, मग? "सुतक नाही लागत आपल्याला," ते मला समजावत, "पण बातमी कळली, तर आंघोळ येते."

त्यांची सगळ्यात लाडकी म्हणजे पेलमबाई. तिचा नवरा डास चावून घेतलेल्या शिपायांपैकी. तापातून वाचला, पण धडधाकट कधी झाला नाही आणि लवकर गेला. बाईंचं मागणं एकच: स्मारकाच्या समारंभात नवऱ्याचं नाव मोठ्याने वाचलं जावं. कमिटी म्हणे, वेळ थोडा आहे, फक्त डॉक्टरांची नावं वाचू. त्यावर बाईंचं पत्र, त्यावर कमिटीचं, त्यावर बाईंचं. "काय लिहून राहिली ती," काका कौतुकाने सांगत. "एक शिवी नाही, अन् वाचणाऱ्याचा घाम निघते."

एका गणपतीत आरतीनंतर प्रसाद घेता घेता काका गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पेलमबाईंनी अंथरूण धरलं. अन्न जात नाही म्हणे." मी तेव्हा या गल्लीत नवी होते, पत्रांचं काही ठाऊक नव्हतं. वाटलं, पलीकडच्या ओळीतली कोणी म्हातारी अमेरिकन बाई असेल, एकटी असेल. दुसऱ्या दिवशी मऊ मुगाची खिचडी केली, तिखट न घालता, वर तूप, आणि डबा घेऊन काकांच्या दारात उभी राहिले. म्हटलं, बाईंचा घर नंबर सांगा.

दार ईशाने उघडलं होतं. ती म्हणाली, "आंटी, शी इज लाइक, सुपर डेड."

काकांनी मात्र डबा दोन्ही हातांनी घेतला आणि तिथेच बसून खिचडी खाल्ली. आठवड्याने भिंतीवर टकटक झाली. मी बाहेर आले तर काका हसत उभे. "बऱ्या झाल्या बाई. नवीन पत्र आलं. तुझी खिचडी मानवली." माझ्या नवऱ्याला, मंदारला, हे सांगितलं तर तो म्हणाला, "तू आता बिल पाठव कमिटीला."

डासाला काकांनी कधीच माफ केलं नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी ते हातात काठी घेऊन फिरायला निघत आणि ज्याच्या त्याच्या अंगणातलं साचलेलं पाणी उपडं करत. माझ्या तुळशीखालची बशी, ईशाचं वाळूतलं बकेट, सगळं. कोपऱ्यावरच्या घरातलं पक्ष्यांसाठी ठेवलेलं सुंदर दगडी भांडंही त्यांनी रिकामं केलं. कॉलनीच्या असोसिएशनची नोटीस आली. अमोलने कपाळाला हात लावला, काकांनी मात्र चार पानी उत्तर लिहिलं, पेलमबाईंच्या वळणावर. असोसिएशनकडून परत काही आलं नाही.

असं सगळं छान चाललं होतं आणि एका वसंतात अकराची आंघोळ बंद झाली. मी आधी आनंदले. माझे कॉल सुरळीत होऊ लागले. मग कॅरलची ईमेल आली. या पत्रांचं प्रदर्शन भरणार होतं, फक्त काकांकडचं शेवटचं पाकीट यायचं राहिलं होतं. काकांना पत्राने तीनदा आठवण करून दिली, उत्तर नाही. काकांना बरं नसेल तर हरकत नाही, पुढच्या सोमवारी ते पाकीट दुसऱ्या कोणाला तरी देऊ, असं तिने फार गोड शब्दांत लिहिलं होतं.

रविवारी दुपारी मी गेले. पाकीट टेबलावर होतं, न फोडलेलं. त्यावर चहाचा कप ठेवल्याचा गोल डाग होता.

"काका, हे काय? कॅरल दुसऱ्याला देणार आता."

"चष्म्याचा नंबर वाढला," काका म्हणाले.

"कालच तुम्ही माझ्या कुकरच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवलीत."

काकांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं. "नाव बघ कोणाचं आहे."

वर ग्रंथालयाचं लेबल होतं. मिस पेलम, असं.

"मुलगी आहे," काका म्हणाले. "इतकी वर्षं आई लिहून राहिली होती. आता मुलगी लिहून राहिली. जन्म टपालात काढला मी, मला सांगायला नको याचा अर्थ. जोवर फोडत नाही, तोवर बाई आहेत."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी म्हटलं, "मग दुसऱ्या कोणाला फोडू दे. कॅरल देतेच आहे."

"तेच तर," काका म्हणाले. "दुसऱ्याला काय माहीत बाई कोण होत्या. तो टाइप करेल अन् चहा प्यायला जाईल."

ते पाकिटावरचा तो डाग बोटाने पुसू लागले. मग एकदम म्हणाले, "तुझ्या काकूच्या वेळी मी रात्रभर दवाखान्यात होतो. सकाळी नर्स म्हणाली, ठीक आहे आता. मी म्हटलं, आंघोळ करून येतो. माझं असं होतं ना, आंघोळीशिवाय चहा नाही. तिचा हात बाजूला ठेवला अन् आलो घरी. आंघोळ केली, पूजा केली. तेवढ्यात गेली. मग परत आंघोळ करावी लागली बाप्पा. एका सकाळी दोन."

काका अकराला कोणाकोणासाठी पाणी घेत होते आणि मी भिंतीपलीकडे हसत होते, एवढंच डोक्यात येत राहिलं. फार वाईट वाटलं.

"मी बसते इथे," मी म्हटलं. "तुम्ही फोडा."

काकांनी कात्रीने कड अगदी सरळ कापली. आत मोजकीच पानं होती. पहिलं वाचताना त्यांचे ओठ हलत होते, मग थांबले. त्यांनी पान माझ्या हातात दिलं. "मोठ्याने वाच."

मुलीने कमिटीला लिहिलं होतं की आमंत्रण मिळालं, आभार, पण आई आता येऊ शकणार नाही. समारंभासाठी तिने निळी टोपी करून घेतली होती. पुढे तिच्याच शब्दांत: तुमचं शेवटचं पत्र, ज्यात वडिलांचं नाव वाचायला तुम्ही होकार दिलात, ते मी तिच्या उशाशी बसून तिला वाचून दाखवत होते. तिने ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचत असतानाच ती गेली. तिचा हात माझ्या हातात होता.

"ते परत वाच," काका म्हणाले. "शेवटचं."

मी परत वाचलं.

"मुलगी जवळ होती," काका म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. "होकारही मिळाला अन् मुलगीही जवळ होती. चांगलं झालं बाईंचं."

ईशा वरून खाली आली, आजोबांकडे बघून त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसली. मी विचारलं, "काका, आंघोळीचं पाणी सोडू का?"

"थांब," ते म्हणाले. "आज बसतो थोडा वेळ. आंघोळ कुठे पळून चालली."

मी घरी आले. मंदार सोफ्यावर मॅच बघत होता. त्याला म्हटलं, आवाज जरा कमी कर, आणि जेवायला थोडा उशीर होईल, मला आंघोळ करायची आहे.

"आत्ता? कोण गेलं?"

"पेलमबाई," मी म्हटलं.

तो हसला नाही, त्याने टीव्ही बंद केला. मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडण्याआधी भिंतीला कान लावला. पलीकडे पाणी अजून सुरू झालं नव्हतं.