श्रीशैलच्या गाडीनं घेतलेला श्वास

"लिहून घ्या! आठ दिवसांत ही गाडी देवीचा चढ तिसऱ्या गिअरमधी चढली न्हाई, तर नावाचा श्रीशैल न्हाई!"

भर बाजारात, स्वतःच्या भांड्याच्या दुकानासमोर उभं राहून श्रीशैलनं हे जाहीर केलं. जळकोटात असल्या घोषणा लिहून घ्यायला कुणाला वेळ नसतो. पण गल्ल्यावर त्याचे वडील महादेवप्पा बसले होते, आणि त्यांनी खरोखरच कॅलेंडरच्या मागं लिहून घेतलं!

श्रीशैलचं दुखणं खरं होतं हो. माळेगावच्या यात्रेहून घरचे सगळे परत आले, तेव्हापासून गाडी पार मरगळली होती. गावाबाहेरच्या देवीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये कण्हायची. बैलगाडीवाले बाजूला घ्यायचे आणि काळजीनं आत डोकावायचे. मेकॅनिकनं प्लग पाहिले, क्लच पाहिला, आणि म्हणाला, "काही झालं न्हाई गाडीला." काही झालं न्हाई म्हणे! माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाईल की न्हाई?

मग मोबाइलवर श्रीशैलला ज्ञान झालं. गाडीला श्वासच मिळत नाही! कंपनीनं हवेचा फिल्टर एका काळ्या डब्यात कोंबलाय. तो डबा काढून फेकायचा, जाडजूड पाइप लावायचा आणि त्याच्या टोकाला लाल टोपीसारखा उघडा फिल्टर. इंजिनाला हवाच हवा, गाडीला जोरच जोर! एअर इनटेक म्हणतात त्याला.

महादेवप्पांनी त्याला नळकांडं म्हटलं.

"कंपनीवाले येडे हायत का? डबा काय हौसंनं लावला त्यांनी?"

"आप्पा, तुम्हाला त्यातलं कळत न्हाई."

"मला तराजू कळतो. मागं पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधलं, तवा बी हेच म्हणला होतास. आता ऐक. फरक पडला तर गाडी तुझी, मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई. न्हाई पडला तर चावी माझ्याकडं, अन् तू दुकानाच्या स्कुटीवर फिरायचं!"

चुंबकाचं नाव निघालं की श्रीशैलला मिरच्या झोंबायच्या. त्या चुंबकापासून घरात त्याच्या शब्दाला किंमतच राहिली नव्हती. तो म्हणाला "पाऊस येऊन राहिला", की बायको मंजुषा वाळत घातलेले कपडे तसेच ठेवायची! तेव्हा प्रश्न नुसत्या चावीचा नव्हता. शब्दाचा होता.

गुरुवारी लातूरहून सत्यम फिटर आला. घरासमोर गाडी लावली, बॉनेट उभं केलं, आणि अर्धी गल्ली त्यात डोकं घालून उभी राहिली. तेवढ्यात आतून आई, म्हणजे गुरम्मा, ओरडल्या, "श्रीशैल, गवंड्यानं ओटा पुरा केला बघ एकदाचा! दुकानाचे ते दोघं हमाल मला घडीभर पाहिजेत!"

"न्या की अव्वा! इथं ऑपरेशन चालू हाय, मला कामून विचारता?"

सत्यमनं शेवटचा क्लॅम्प आवळला, आणि काय सांगावं! गाडी जागच्या जागी हलली. एकदा हलली, दोनदा हलली, तीनदा हलली, चौथ्यांदा हलली आणि मागून अलगद वर आली!

सत्यम स्वतःच दचकला. पण धंद्याचा माणूस. लगेच म्हणाला, "बघा भैय्या! गाडीनं श्वास घेतला!"

"इंजिन बंद असताना!" श्रीशैलनं साऱ्या गल्लीला ऐकवलं.

संध्याकाळी गाडी देवीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढली. रस्त्यानं वाघ डरकाळी फोडत गेल्यासारखा आवाज! त्या दिवसापासून श्रीशैलची जीभ कुठल्याच गिअरमध्ये थांबेना. भेटेल त्याला तो श्वासाचं महत्त्व सांगू लागला. शाळेपासूनचा दोस्त शेषेराव, सरळमार्गी शेतकरी माणूस, त्यानं बिचाऱ्यानं ऐकलं आणि आपल्या गाडीलाही तेच बसवलं.

शनिवारी शेषेराव दुकानात आला तो लालबुंद होऊन.

"श्रीशैल, तुझ्या नादी लागलो अन् माझी शोभा झाली! गाडी आधीसारखीच रडून राहिली. नुसती बोंबलती! म्हशी दावं तोडून पळाल्या!"

"तुला चालवता येत न्हाई! ट्रॅक्टर हाकल्यासारखी हाकतोस!"

"मला? वीस वर्षं झाली गाडी चालवून राहिलो!"

"मग पेट्रोल खराब असंल! न्हाई तर नीत खराब असंल!"

नीत काढल्यावर काय राहतं? शेषेरावनं काउंटरवरचा तांब्या उचलला. पाणी प्यायला उचलला की मारायला, हे अजून ठरायचं होतं. महादेवप्पांनी तो हळूच काढून घेतला आणि म्हणाले, "रविवारी दोघांनी चढावर या. तवर चावी इकडं."

रविवारी चढावर जत्रा! सत्यम मोबाइल घेऊन जाहिरातीचं शूटिंग करायला हजर. गुरम्मा देवीच्या निमित्तानं आलेल्या. आधी शेषेराव. गाडी डरकाळ्या फोडत निघाली, निम्म्यात तिसऱ्यात आचके देऊ लागली, दुसऱ्यात गेली आणि पोरं फिदीफिदी हसली. मग श्रीशैल. तिसरा गिअर, पाय दाबलेला, आणि भर्रर्र करत थेट देवळापाशी!

खाली आल्यावर त्यानं भाषणच ठोकलं. "दिसलं? आता कुणी म्हणा चुंबक! सांगा आता, कुणाचा शब्द खरा?"

महादेवप्पांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. पण शब्दाचा पक्का माणूस. त्यांनी खिशातून गाडीची दुसरी चावीही काढली आणि हात पुढं केला. श्रीशैलची बोटं चावीला लागणार, इतक्यात गुरम्मा कौतुकानं म्हणाल्या, "चढणार न्हाई तर काय! दगड काढले की माझे."

"कोणते दगड?" महादेवप्पांची मूठ मिटली.

"आता गं बाई! माळेगावहून आणलेले न्हाईत का? जातं, उखळ, अन् लेकींसाठी दोन पाटे. ओटा होईस्तोवर राहू द्या म्हणलं डिकीत. गुरुवारी हमालांनी काढले, एकेक करून. चौघी बाया मदतीला लागल्या, लई वजन!"

सत्यमनं शूटिंग बंद केलं.

"दगडाचा अन् इंजिनाचा काय संबंध?" श्रीशैल कडाडला. "माझ्या शब्दावर एवढा अविश्वास? आणा ते दगड! ठेवा डिकीत! दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ द्या!"

अहो, गप्प बसला असता तर निदान शंकेचा फायदा मिळाला असता! पण न्हाई. घरी गेले, हमालांनी घाम गाळत चारी दगड परत चढवले, आणि वरात पुन्हा चढावर. तिसऱ्यात गाडीनं दोन उचक्या दिल्या. दुसऱ्यात कण्हली. वाघाच्या आवाजात कण्हली, एवढाच काय तो फरक! देवळाच्या अलीकडं तर पहिला टाकावा लागला.

तेवढ्यात शेषेरावनं गुपचूप स्वतःची डिकी उघडली. आत खताची तीन पोती आणि जळलेला मोटारपंप. खाली उतरवला सगळा पसारा आणि निघाला. तिसऱ्या गिअरमध्ये थेट देवळापाशी! वरून ओरडला, "श्रीशैल, माझी नीत डिकीत होती बघ!"

महादेवप्पांनी दोन्ही चाव्या खिशात टाकल्या.

घरी आल्यावर हमाल म्हणाले, आमचे हात गळाले, आता ज्याचे दगड त्यानं काढावेत. मग श्रीशैल वाकला. दोन्ही पाटे काढले. उखळ काढलं. जात्याला सत्यमनं हात लावला, कारण त्याची लातूरची बस चुकली होती. जातं डिकीच्या काठावरून सुटलं, आणि गाडी हलली. मागून अलगद वर आली. अगदी गुरुवारसारखी!

ओसरीवरून महादेवप्पांनी विचारलं, "काय रं, घेतला का श्वास?"

श्रीशैलनं कमरेवर हात ठेवला, गाडीकडं पाहिलं, सत्यमकडं पाहिलं.

"हाव आप्पा," तो म्हणाला. "मागून घेतला."

मग त्यानं वर पाहिलं. आभाळ भरून आलं होतं. "मंजुषा, पाऊस येऊन राहिला!" त्यानं हाक दिली.

मंजुषानं कपडे तसेच ठेवले.