प्रयागमावशी किल्ला बघतात

बीबी का मकबरा प्रयागमावशींनी नापास केलाय. "पुढं एवढं मोठं अंगण, अन् कपडे वाळत घालायला एक दोरी नाय!" पाणचक्कीचंही तेच. "पाणी चोवीस तास, कबूल. पण आवाज लई. दुपारी डोळा लागायचा नाय."

मावशी आमच्या शेजारी. मूळच्या पाचोडच्या. शाळेत शिवण शिकवता शिकवता निवृत्त झाल्या. यजमान लवकर गेले, तेव्हापासून गुलमंडीमागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकट्या, भाड्यानं. स्वतःचं घर कधी झालं नाही. म्हणून की काय, जगातली कुठलीही इमारत त्या उद्या सामान हलवायचंय अशा नजरेनं बघतात.

यंदा घरमालकानं इमारत पाडायचं काढलं. दिवाळीपर्यंत सगळ्यांनी खोल्या सोडायच्या. आम्ही मावशींना बऱ्याच जागा दाखवल्या. एकीत जिना उभा, दुसरीत शेजारीण तोंडाळ, तिसरीत काहीच वाईट नव्हतं, म्हणून त्यांना संशय आला.

मग एका शनिवारी म्हणाल्या, "उद्या सुट्टी ना तुला? चल, दौलताबाद बघून येऊ."

"मावशी, तो किल्ला आहे."

"मग मजबूत असंल की."

रिक्षाचं नाव काढू दिलं नाही. "बसनं जायाचं अन् पायी फिरायचं. जागा कळते." एसटीत बसल्या बसल्या त्यांनी कंडक्टरला विचारलं, "रोजचं जाणं-येणं करायचं झालं तर पास निघतो का?" त्यानं कौतुकानं विचारलं, "किल्ल्यावर नोकरी लागली का आजी?"

महादरवाज्याचे अणकुचीदार खिळे बघून मावशी थबकल्या. "हत्तीनं धडक मारू नये म्हणून," पहारेकऱ्यानं सांगितलं. मावशींनी मान डोलावली. "आमच्या गल्लीत चादरीवाले येतात. त्यांच्यासाठीबी हेच पायजे."

पुढं हत्ती हौद. मावशी वाकून वाकून बघायला लागल्या, मी मागून पदर धरून ठेवला. त्यांनी दुसऱ्या पहारेकऱ्याला हाक मारली.

"भाऊ, पाणी किती दिवसांनी सोडता?"

"आता नाय सोडत आजी. जुनं हाय हे."

"म्हंजी आमच्यासारखंच," त्या मला म्हणाल्या.

चिनी महालापाशी मी पाटी वाचून दाखवली. इथं एका राजाला कैदेत ठेवलं होतं, तो शेवटपर्यंत इथंच होता.

"शेवटपोतर?"

"हो."

"मधी कुणी खाली कर म्हणलं नाय?"

"मावशी, कैदी होता तो!"

"असू दे. नशीबवान माणूस."

अंधारीत, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारी वाटेत, एक गाईड पुण्याच्या जोडप्याला सांगत होता, शत्रू आला की वरून उकळतं तेल ओतायचे. काळोखातून मावशींचा आवाज आला, "तेल ताजं, का तळण काढून उरलेलं?" गाईड पुढचं विसरला. वर उजेडात आल्यावर त्या जोडप्यातली मुलगी म्हणाली, "काय भारी जागा आहे!" मावशींनी मला चिमटा काढला. "तू तोंड पाडून ऱ्हा. नायतर किंमत वाढंल."

धापा टाकत एकदाच्या माथ्याजवळच्या बारादरी महालात पोचलो. चारी बाजूंनी वारा. मावशींनी दशम्या सोडल्या, शेंगदाण्याची चटणी काढली आणि एक घास खाऊन निकाल दिला, "हे चालंल."

लगेच वाटपही सुरू झालं. "इथं मी. तिकडच्या दोन खोल्या तुमच्या. पोरांना अभ्यासाला तो सज्जा."

मी म्हटलं, "मावशी, आमचं बायपासला फ्लॅटचं ठरलंय ना. सांगितलं होतं तुम्हाला."

त्या बराच वेळ एकच घास चावत राहिल्या. मग दूर शहराकडं बघत म्हणाल्या, "तिथं बस जाती का?"

"जाते. उतरल्यावर थोडं चालावं लागतं."

"हां."

उतरताना त्यांनी एकाही भिंतीला नावं ठेवली नाहीत.

शहरात परतलो तेव्हा उन्हं कलली होती. घरी जायला मी रिक्षाला हात करणार, तोच मावशींनी माझा दंड धरला. "बायपासची बस कंची?"

"आत्ता? मावशी, पाय दुखत नाहीत का?"

"दुखत्यात. कंची?"

गेलो. आमच्या फ्लॅटला अजून खिडक्या नव्हत्या, जिन्याला कठडा नव्हता, नळाच्या जागी नुसती भोकं. स्वयंपाकघरात सिमेंटच्या गोण्या. मावशी एकेक खोली फिरल्या. मी जीव मुठीत धरून उभी. मकबरा नापास करणारी बाई, आमचं काय होणार!

"झकास हाय," मावशी म्हणाल्या. आणि पदरानं ओट्यावरची धूळ उगाचच पुसली.

खाली आल्यावर मी सवयीनं पुढं निघाले, तर त्यांनी मला मागं ओढलं.

"तू माझ्या मागनं चाल. रस्ता मी काढते. पुढं मला एकटीला यायाचं हाय."

कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी त्या चुकीच्या बाजूला वळल्या. मी मागोमाग गेले. चार घरं पुढं जाऊन त्या थांबल्या, इकडंतिकडं बघितलं, आणि माझ्याकडं न बघता आपल्या आपण माघारी फिरल्या.