नीलशृंगाचा दहावा

एका जंगलात वाचनाची साथ आली.

साथ म्हणजे काय, ठाऊक आहे ना मुलांनो? गोवरासारखी. आधी एकाला येते, मग शेजाऱ्याला, मग सगळी आळी अंथरुणात. हसू नका. तुमच्याही घरी एखादा काका असेल, ज्याला वाचता वाचता आमटीत पोळीऐवजी बोट बुडवल्याचं कळत नाही.

साथीचं मूळ होतं साळूकाकूंच्या बिळात. साळूकाकू म्हणजे साळिंदर. अंगावरचाच एक काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि सागाच्या पानांवर लिहीत बसायचं, हा त्यांचा उद्योग. असे त्यांनी तीन जाडजूड भाग लिहिले. पाठीवर चांगलं बशीएवढं टक्कल पडलं.

कथेचा नायक होता नीलशृंग. नीलशृंग हा एक रेडा होता. त्याला निळी शिंगं होती आणि पंख होते. आणि एक शाप होता. ज्याला तो वाचवील, तो त्याला विसरून जाईल.

पहिल्या भागात त्यानं एक गाव पुरातून वाचवलं. गावानं त्याला शेतात शिरला म्हणून दगड मारले. दुसऱ्या भागात त्यानं एक राजकन्या राक्षसाच्या तोंडातून काढली. ती म्हणाली, "हा कुणाचा रेडा सुटलाय? बांधा त्याला." तिसऱ्या भागात आभाळच खाली यायला लागलं. ते त्यानं शिंगांवर तोलून धरलं. सगळे खालून निघून गेले. एकानंही मागे वळून पाहिलं नाही. मग आभाळ कोसळलं.

जंगल वेडं झालं. अस्वलानं मध सोडला. मोरानं पिसारा उघडणं बंद केलं. पण रडायचं ते चोरून, कारण सिंहमहाराजांचं वाचून व्हायचं होतं. महाराज ओळीवर नख ठेवून, ओठ हलवत वाचत. त्यांनी हुकूमच काढला होता. 'ज्याचे वाचून व्हायचे आहे, त्याला शेवट सांगणाऱ्यास पाळी मोडून खाण्यात येईल.'

पाळी म्हणजे काय, तेही सांगते. महाराजांना रोज एक प्राणी लागे. उगाच धावपळ नको म्हणून सगळ्यांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. वडाच्या खोडावर यादी असे. पाळी आली की आंघोळ करून गुहेशी जायचं. पद्धत फार जुनी आहे. कुणी तक्रार करत नसे. करणारे यादीत वर जात.

तर महाराज वाचत होते आणि जंगल डोळे लाल करून हिंडत होतं.

"काय हो, डोळ्यांना काय झालं?"

"कुसळ गेलं. तुमच्या?"

"कुसळच."

या जंगलात शशांक नावाचा एक ससा होता. त्याची बायको दुर्वा. लग्नाला पुरते चार महिने झाले नव्हते. दिवाळसण अजून व्हायचा होता. दुर्वा बोलायची कमी. तिनंही तिन्ही भाग वाचले होते. आवडलेही होते. पण ती रडली नाही, आणि हे सासूबाईंनी नीट पाहून ठेवलं होतं.

"आमच्या सूनबाईंना सगळं येतं हो," त्या शेजारच्या घोरपडीला म्हणाल्या. "फक्त पाझर नाही."

आणि एक दिवस शशांकची पाळी आली.

त्यानं आंघोळ केली. आईच्या पाया पडला. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "जा बाबा. जिथे नीलशृंग राहिला नाही, तिथे आपण कोण?"

दुर्वा दारात उभी राहिली. सावली जांभळीखालून करवंदीपर्यंत सरकली, तरी ती उभीच होती. तेवढ्यात समोरून शशांक आला. हुंदके देत आला.

"अहो! आलात तुम्ही!"

"दुर्वा, महाराजांचं वाचून झालं गं. आज सकाळीच संपलं."

"आणि तुम्हाला?"

"मला त्यांनी मिठी मारली. म्हणाले, 'शशांक, तू वाचलंस?' मी म्हटलं, 'वाचलं महाराज.' मग आम्ही दोघंही खूप रडलो. हे बघ, माझा कान अजून ओला आहे."

"पण खाल्लं नाही?"

"कुणाला?"

"तुम्हाला!"

"हां, ते होय. घास उतरत नाही म्हणाले. सुतक फिटेपर्यंत फक्त फराळाचं खाणार आहेत. फिटलं की पहिला मीच."

दुर्वानं विचारलं, "कधी फिटतं?"

"दहाव्याला. कावळा पिंडाला शिवला की."

"आणि नाही शिवला तर?"

शशांकनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "असं अभद्र बोलू नकोस! त्याची काय इच्छा राहिली असेल बिचाऱ्याची? जन्मभर सगळ्यांना वाचवलं, आणि कुणी वाचवलं हे एकालाही कळलं नाही. वाईट नाही वाटत तुला?"

"वाटतं," दुर्वा म्हणाली. "पण कावळा शिवला तर महाराज तुम्हाला खातील."

"तू ना, फार स्वतःपुरतं बघतेस," शशांक म्हणाला, आणि तिसरा भाग घेऊन पुन्हा करवंदीखाली जाऊन बसला.

तिकडे महाराज साळूकाकूंच्या बिळाशी गेले होते. मागे सगळं जंगल होतं.

"त्याला जिवंत करा," महाराज म्हणाले.

"जमायचं नाही," साळूकाकू म्हणाल्या.

"का मारलंत त्याला? असा गुणी रेडा!"

"महाराज, परवा तुम्ही रेडाच खाल्लात ना?"

"तो वेगळा," महाराज म्हणाले. आणि त्यांना इतकं भरून आलं, की अस्वलानं धरून परत न्यावं लागलं.

मग नऊ दिवस महाराज फराळाचं खात राहिले. रताळ्याचा कीस, शिंगाड्याची थालीपीठं, राजगिऱ्याचे लाडू. दुःखात माणूस काय खातो याकडे त्याचं लक्ष नसतं. त्यामुळे महाराज पुष्कळ खात. नऊ दिवसांत कुणाची पाळी आली नाही. हरणं गुहेसमोरून गप्पा मारत जायला लागली. पण हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सगळे शोकात होते ना!

दहावा दिवस उजाडला. नदीकाठी जंगल जमलं. बगळेगुरुजी एका पायावर उभे राहिले. पिंड मांडला. शेजारी पानावर वडा ठेवला. कावळेकाका आले, डोकं तिरकं करून त्यांनी वड्याकडे पाहिलं आणि ते दोन उड्या मारून पुढे आले.

शशांकनं हात जोडले होते. "शिव रे बाबा, शिव," तो पुटपुटत होता.

कावळेकाकांची चोच वड्यापासून चार बोटांवर आली. तेव्हा दुर्वा बोलली. चार महिन्यांत चारचौघांत ती पहिल्यांदाच बोलली.

"कावळेकाका, तुमचं वाचून झालं का हो?"

कावळेकाका थांबले. "कुठलं! सगळा पितृपक्ष गेला धावपळीत. दिवसाला तीस-तीस घरं. दुसऱ्या भागाच्या मध्यावर आहे अजून. त्याला बांधतायत तिथे. का गं?"

"काही नाही. सहज."

कावळेकाकांनी पिंडाकडे पाहिलं. मग गर्दीकडे. सगळ्यांचे डोळे लाल. "हा पिंड कुणाचा म्हणायचा?"

गुरुजींनी पाय बदलला.

"अहो, कुणाचा ते सांगाल की नाही? नाव कळल्याशिवाय मी शिवत नाही. मागे एकदा शेजारच्याच्या पिंडाला शिवलो होतो. केवढा गोंधळ झाला होता!"

सगळ्यांनी महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी तोंड उघडलं आणि त्यांना स्वतःचाच हुकूम आठवला. तोंड मिटलं.

"महाराज, तुम्ही सांगा," कावळेकाका म्हणाले.

"मी सांगितलं तर पाळी मोडून मला मलाच खावं लागेल," महाराज म्हणाले.

मग कावळा शिवत नाही तेव्हा जे करतात ते सुरू झालं. जो तो पुढे येऊन इच्छा पुरवायला लागला, पण नाव न घेता.

"तुझं नाव गावोगावी लावू रे!" अस्वल म्हणालं.

"ती राजकन्या तुझी क्षमा मागेल!" मोर म्हणाला.

"तुला गोठ्यात बांधलं त्याबद्दल आम्ही सगळे..." असं म्हणता म्हणता घोरपडीनं जीभ चावली.

कावळेकाका ओरडले, "थांबा! काही सांगू नका! माझा मधला भाग चाललाय!" आणि वडा तसाच टाकून ते पिंपळावर जाऊन बसले.

ऊन कलायला लागलं. महाराज अस्वस्थ झाले. तेव्हा बगळेगुरुजी म्हणाले, "शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करायचा आणि पिंडाला लावायचा. झालं."

"झालं," सगळे म्हणाले. शशांकनं सुटकेचा श्वास टाकला. महाराजांनी ओठांवरून जीभ फिरवली. ती त्यांनी दुःखानं फिरवली असं आपण धरू.

गुरुजींनी मागे हात घातला. मग दुसरा हात घातला. मग वळून पाहिलं.

"दर्भ कुठाय?"

शोधाशोध झाली. पिशवी झटकली. पानं उलटली. दर्भ नव्हता.

दुर्वा एका कडेला मान खाली घालून बसली होती. तिचं तोंड मिटलेलं होतं. दर्भ हे फार धारदार गवत असतं मुलांनो. ते चावायचा प्रयत्न करू नका. घशातून उतरताना डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं.

सासूबाईंनी ते पाणी पाहिलं. त्यांनी घोरपडीला कोपरखळी मारली. "बघितलंत? आली हो एकदाची माया. शेवटी सून कुणाची!"

"दुसरा दर्भ आणा," महाराज म्हणाले.

"तो कसा आणणार?" गुरुजी म्हणाले. "दर्भ काढायची अमावास्या वर्षातून एकदा. पितृपक्षाच्या आधीच ती झाली. आता पुढच्या वर्षी."

म्हणजे सुतक लांबलं. वर्षभर. महाराजांनी मान हलवली आणि रताळी मागवली.

आता राहिले कावळेकाका. जंगलानं त्यांच्यामागे तगादा लावला. तिसरा भाग त्यांच्या घरट्यात नेऊन ठेवला. दिवसातून चारदा कुणीतरी खालून ओरडे, "कुठवर आलं?" एक दिवस दुर्वाला राहवेना. ती पिंपळाखाली गेली.

"काका, कुठवर आलात?"

"शेवटची दहा पानं राहिलीयत."

"मग आज संपेल."

"नाही संपणार," कावळेकाका म्हणाले. त्यांनी पुस्तक पंखाखाली घेतलं. "पोरी, मी आजवर किती पिंडांना शिवलो असेन! जगभराच्या मरणाला चोच लावणं हे माझं काम. पण हा रेडा मला फार आवडलाय. आभाळ त्याच्या शिंगांवर आहे. तिथेच पान मिटलंय मी. मी वाचलं नाही, तोवर तो उभा आहे. काय करतील ते करू देत."

दुर्वानं घरी येऊन कावळेकाकांसाठी वडे तळले.

तर असं वर्ष गेलं. दिवाळसण झाला. शशांकला सासऱ्यांनी नवं उपरणं दिलं. दुर्वाला पाच पिल्लं झाली. सासूबाईंनी त्यातल्या सर्वांत काळ्याचं नाव नीलशृंग ठेवलं. कुणाची पाळी आली नाही. वडावरची यादी वाळवीनं खाल्ली. गुहेत दर गुरुवारी वाचन असे, आणि महाराज स्वतः शेवटचं प्रकरण वाचून दाखवत. शशांक पहिल्या रांगेत बसे.

आधी महाराज पहिल्या ओळीलाच रडत. दिवाळीत ते दुसऱ्या पानापर्यंत पोचले. शिमग्यात सहाव्या. आणि श्रावणात एका गुरुवारी त्यांनी अख्खं प्रकरण कोरड्या डोळ्यांनी वाचलं, पुस्तक मिटलं आणि जांभई दिली.

शशांक त्या दिवशी खूश होऊन घरी आला.

"महाराजांनी आज माझी चौकशी केली! सगळ्यांसमोर!"

दुर्वा भाजी निवडत होती. "काय म्हणाले?"

"म्हणाले, 'शशांक, तू अंगानं चांगलाच भरलास रे.' किती बारीक लक्ष असतं बघ!"

"आणखी काय म्हणाले?"

"आणखी काही नाही. रताळ्यांचा कंटाळा आला म्हणाले. आणि दर्भाची अमावास्या कधी आहे, ते विचारलं."

दुर्वानं भाजी खाली ठेवली. पिल्लं सासूबाईंकडे दिली आणि ती तडक साळूकाकूंच्या बिळाशी गेली.

साळूकाकू लिहीत होत्या. टक्कल ताटाएवढं झालं होतं.

"ये, बस," त्या म्हणाल्या. "नवीन घेतलंय लिहायला. एक बोकड आहे. चांदीच्या खुरांचा. चालला की पावलागणिक फुलं उमलतात."

"महाराजांना आवडेल?"

"आवडेल? जीव टाकतील त्याच्यावर. पण या खेपेला मी ठरवलंय बाई. मारायचं नाही कुणाला. मागच्या वेळी लोक किती बोलले! म्हणाले, तुम्हाला काळीज नाही. हा बोकड तिन्ही भाग सुखात राहील, लग्न करील, नातवंडं खेळवील."

दुर्वानं काकूंची लिहून झालेली पानं चाळली. बोकड खरंच गोड होता. त्याला आई नव्हती, तो अंधाराला भ्यायचा, आणि झोपताना स्वतःलाच गोष्ट सांगायचा. वाचता वाचता तिचाही जीव त्याच्यात अडकायला लागला. तिनं पानं पटकन खाली ठेवली.

"काकू," ती म्हणाली, "अमावास्या परवा आहे."

"बरं मग?"

दुर्वानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

"त्याला फार जगवू नका."

तात्पर्य : पुस्तकातल्या मरणावर रडणाऱ्याला कधी हसू नये. त्याचं रडणं थांबलं, की त्याला भूक लागते.