सहाशे मीटर कमी पडले

आठव्या आठवड्यात ओरेस्ट बोयकोला कंपनीचं पत्र आलं. त्याचं घर सहाशे मीटर जवळ आहे, असं त्यात कळवलं होतं.

ओरेस्ट गेली तीस वर्षं पाइपांना उष्णता धरून ठेवणारं वेष्टण घालायचं काम ठेक्यावर करत होता. कॅनडात, सस्कॅचवानमधल्या एका पोटॅशच्या खाणीवर नवा विभाग उभा राहत होता आणि तिथे त्याला जानेवारीपासून ऑगस्टपर्यंतचं काम मिळालं होतं. करारातला नियम सरळ होता. राहतं घर खाणीच्या फाटकापासून रस्त्याने ऐंशी किलोमीटरपेक्षा लांब असेल, तर बाहेर राहण्याचा भत्ता म्हणून कामाच्या दर दिवसाला दीडशे डॉलर मिळतील. ऐंशीच्या आत असेल, तर रोज घरी जावं किंवा वाटेल तिथे झोपावं, कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. ओरेस्टच्या पिकअपने जाताना ८०.३ दाखवले होते आणि येतानाही ८०.३च दाखवले होते. मग त्याने खाणीजवळच्या गावात मोटेलची खोली घेतली, शनिवारी घरी आणि रविवारी परत असा क्रम सुरू केला आणि दर गुरुवारी भत्त्याचा फॉर्म भरू लागला.

पत्रात लिहिलं होतं की नकाशाप्रमाणे हे अंतर ७९.४ आहे, तरी चुकीच्या माहितीच्या आधारे घेतलेले बेचाळीस दिवसांचे सहा हजार तीनशे डॉलर परत करावेत. पैशांची ओळ ओरेस्टने एकदा वाचली. 'चुकीच्या माहितीच्या आधारे' ही ओळ मात्र त्याने मोटेलच्या पलंगावर बसून पाच-सहा वेळा वाचली. तीस वर्षांत त्याने एक तास जास्तीचा लिहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो ऑफिसच्या केबिनमध्ये गेला. तिथे हिशेब बघणारी टॅनिस ही पंचविशीची, स्वभावाने चांगली मुलगी होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं. आकडा मुख्य कार्यालयातून आलाय, त्यात आपल्याला काही बदल करता येत नाही, असं तिने सांगितलं. ओरेस्टने पिकअपच्या आकड्याचा मुद्दा काढला, तेव्हा ती जरा अवघडली.

"मिस्टर बोयको, टायर झिजले असतील तर गाडी अंतर जास्त दाखवते. तुमचे टायर कसे आहेत?"

ओरेस्ट बाहेर जाऊन टायर बघून आला. त्यानंतर त्याने तो मुद्दा पुन्हा काढला नाही.

शनिवारी घरी गेल्यावर त्याने बायकोला, व्हर्नाला, पत्र दाखवलं आणि पेन्सिल घेऊन बसला. नियमाप्रमाणे अंतर मोजायचं ते वाहन जाऊ शकेल अशा सर्वांत जवळच्या रस्त्याने. म्हणजे तो रस्ता बंद झाला तर दुसऱ्या रस्त्याने अंतर थेट चौऱ्याऐंशी होणार. शिवाय त्या रस्त्यावर बीव्हर प्राण्यांनी बांध घालून पूर्वी दोन वर्षं पाणी तुंबवलं होतं, तेव्हा तो बंद ठेवायला कारण शोधायचीही गरज नव्हती. त्याने लगेच ग्रामीण पालिकेच्या अध्यक्षाला फोन लावला. अध्यक्षाने विनंती ऐकली, आणि फाइल बघून सांगितलं की तो रस्ता गेल्या शरदात चाळीस हजार खर्चून उघडला, तो एकाच नागरिकाच्या अकरा लेखी तक्रारींमुळे. नागरिकाचं नावही त्याने वाचून दाखवलं. ओरेस्टने आपलं नाव ऐकून घेतलं, अध्यक्षाच्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

जेवताना कोबीचे रोल संपवून त्याने खिडकीतून शेताकडे पाहिलं. जमीन त्याची स्वतःची होती, दक्षिणेच्या रस्त्यापासून उत्तरेच्या रस्त्यापर्यंत. घर दक्षिणेच्या टोकाला, रस्त्याला लागून होतं. ते पार उत्तरेच्या टोकाला असतं आणि तिथे दक्षिणेच्या रस्त्यावरून शेतातून सव्वा किलोमीटर आत जावं लागत असतं, तर अंतर ८०.६ झालं असतं.

"घर हलवूया," तो म्हणाला.

व्हर्ना बावीस वर्षं हेच म्हणत होती. रस्त्यावरून धान्याचे ट्रक गेले की खडीची धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, आणि उत्तरेला तळ्याकाठी पॉप्लरची झाडं होती, पश्चिम मोकळी होती. दर वेळी ओरेस्टने तिला घर म्हणजे खुर्ची नव्हे, असं सांगितलं होतं. आता तिने फक्त ताटं उचलली आणि विचारलं, "खर्च किती येईल?"

ओरेस्टने भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्या मागे हिशेब मांडला. घर उचलून न्यायला अकरा हजार. नव्या जागी जमिनीत लोखंडी खांब बसवायला चार हजार. विजेचे खांब आणि तार, पावणेपाच हजार. एकूण एकोणीस हजार साडेसातशे. दुसऱ्या बाजूला वाचलेले सहा हजार तीनशे आणि पुढच्या एकशे आठ दिवसांचा भत्ता सोळा हजार दोनशे. म्हणजे वर अडीच हजारांहून अधिक फायदा. मोटेलचं भाडं रोजचे पंचाण्णव होते, ते त्याने धरले नव्हते. व्हर्नाच्या ते लगेच लक्षात आलं. तिने कॅलेंडर पुन्हा भिंतीवर लावलं.

घरं हलवण्याचा धंदा करणारा लॉइड फ्रीसन हा ओरेस्टचा शाळेतला मित्र. तो म्हणाला की जमीन गोठलेली आहे तोवर करायचं तर पंधरा दिवसांत, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात. मग त्याने कारण विचारलं, आणि ते पूर्ण ऐकून घेतलं.

"ओरेस्ट, लेका, त्यांना तू नुसतं सांगितलं असतंस की घर हललंय, तर कोण बघायला येणार होतं?"

"ते खोटं झालं असतं," ओरेस्ट म्हणाला.

त्याने दोन आठवड्यांची बिनपगारी रजा घेतली. मार्चच्या मध्यावर घर लोखंडी तुळयांवर चढलं आणि शेतातून उत्तरेकडे निघालं. लॉइडला आपल्या कामाचा इतका अभिमान होता की त्याने व्हर्नाला घरातलं काही आवरू दिलं नाही. बोर्शचं, म्हणजे बीटच्या सुपाचं, पातेलं शेगडीवर तसंच होतं. घराच्या मागून ओरेस्ट नवे टायर घातलेली पिकअप चालवत होता, नजर आकड्यावर. साडेचार तासांनी घर थांबलं. लॉइडने इथेच ठेवूया म्हटलं, तर ओरेस्टने खाली उतरून आणखी वीस मीटर पुढे घ्यायला लावलं. बोर्श थोडंसं झाकणावर आलं होतं, बाकी काही नाही.

फोटो, मोजमाप आणि लॉइडची पावती जोडून त्याने टॅनिसकडे अर्ज दिला. तिने तो न उघडता मुख्य कार्यालयाला पाठवला. तीन आठवडे उत्तर आलं नाही. तेवढ्यात एप्रिल आला आणि बर्फ वितळलं.

शेतातली सव्वा किलोमीटरची वाट हिवाळ्यात दगडासारखी होती. आता तिथे चिखलात पिकअपच अडकू लागली, तर घर तापवायचा प्रोपेन घेऊन येणारा टँकर कसला येतो. टँकरवाल्याने दक्षिणेच्या रस्त्यावरून एकदा आत पाहिलं आणि गाडी वळवली. टाकी रिकामी झाली. रात्री अजून पाणी गोठत होतं. मोटेलवर ओरेस्टला फोनवरून कळलं की घरात नऊ अंश आहेत आणि व्हर्ना कोट घालून पेरोगीच्या करंज्या लाटतेय. तिने तक्रार केली नाही, फक्त अंश सांगितले. मग तिनेच लॉइडला बोलावून घरापासून उत्तरेच्या रस्त्यापर्यंत साठ मीटर खडी टाकून घेतली. टँकर त्या बाजूने आला आणि टाकी भरून गेला. पण त्यांच्या कंपनीला नोंदीसाठी नवा पत्ता हवा होता, म्हणून त्यांनी पालिकेला कळवलं. पालिकेनेही या वेळी आश्चर्यकारक तत्परता दाखवली.

शनिवारी ओरेस्ट आला, तेव्हा उत्तरेच्या रस्त्यावर, खडीच्या तोंडाशी, घराच्या नंबरची निळी पाटी उभी होती. तो तिथे थांबला, पिकअप वळवली आणि त्याच उत्तरेच्या रस्त्याने पुन्हा खाणीच्या फाटकापर्यंत जाऊन आला. रात्री दहाला तो घरात शिरला.

"अठ्ठ्याहत्तर पॉइंट तीन," तो म्हणाला.

व्हर्नाने त्याला बोर्श वाढलं. पाटी काढणं गुन्हा होता, त्यावर पोतं घालणं गुन्हा आहे की नाही याबद्दल त्याने थोडा विचार केला. शेवटी रविवारी सकाळी त्याने स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. आपण ८०.६ कळवलं होतं ते कळवलं तेव्हा खरं होतं, पण आता बायकोला थंडी वाजल्यामुळे अंतर ७८.३ झालं आहे, आणि सहा हजार तीनशे आपण पगारातून कापून द्यायला तयार आहोत. सोमवारी ते पत्र त्याने टॅनिसच्या हातात दिलं आणि तिच्यासमोर उभा राहिला.

टॅनिसने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग आधीचा अर्ज उघडून फोटो पाहिले. त्यांत एक घर शेतातून चाललं होतं.

"हे खरं घर आहे?" तिने विचारलं.

"हो."

"मिस्टर बोयको, नियमात करार झाला त्या दिवशीचं घर धरतात. नंतर तुम्ही चंद्रावर राहायला गेलात तरी फरक पडत नाही."

ओरेस्ट खुर्चीवर बसला. म्हणजे ७९.४च, तो म्हणाला. टॅनिसला बहुधा त्याची दया आली, कारण तिने स्वतः नकाशा उघडला आणि जानेवारीत घर होतं ती जागा त्याला बोटाने दाखवायला सांगितली. मग तिने जानेवारीतला नोंदणीचा फॉर्म काढून ताडून पाहिला. मुख्य कार्यालयाने फॉर्मवरचा पत्ता टाकून अंतर काढलं होतं. फॉर्मवर पत्ता होता तो गावातल्या टपालघरातल्या पेटीचा. घर तिथून पुढे होतं. जुन्या घरापर्यंतचं अंतर ८०.३ भरलं, अगदी बरोबर. झिजलेल्या टायरांनी काहीही बिघडवलं नव्हतं.

तिने त्याच्यासमोरच मुख्य कार्यालयाला फोन लावून मागणी रद्द करून घेतली आणि पूर्ण कामाचा भत्ता मंजूर करून घेतला. 'चुकीच्या माहितीच्या आधारे' हे शब्द मागे घेतल्याचं पत्रही ती देणार होती. ओरेस्टने तिचे आभार मानले आणि वेष्टण घालायला परत गेला.

व्हर्नाला त्याने शनिवारीच सांगितलं, समोरासमोर. दोघं नव्या पायऱ्यांवर कॉफी घेऊन बसले होते. तळ्यावरचं बर्फ गेलं होतं आणि बदकं उतरत होती. जुन्या जागी, शेताच्या पलीकडच्या टोकाला, आता फक्त तळघराचा खड्डा दिसत होता.

"फॉर्म मी भरला होता जानेवारीत," व्हर्ना म्हणाली. "तुझं अक्षर कोणाला लागत नाही म्हणून. पत्ता विचारला होता, मी पेटीचा लिहिला. आपलं टपाल तिथेच येतं ना."

ओरेस्टने मान डोलावली. ते खरंच होतं.

कॉफी संपत आली. सूर्य पॉप्लरांच्या डाव्या बाजूला, नजरेला कशाचीही आडकाठी नसलेल्या ठिकाणी मावळत होता. दोरीवर दोन चादरी होत्या, पांढऱ्या शुभ्र. व्हर्नाने कप दोन्ही हातांत धरला आणि त्याच्याकडे न बघता विचारलं, "मग आता परत न्यायचं का घर?"

ओरेस्टने कपातला शेवटचा घोट घेतला.

"लॉइड ऑगस्टपर्यंत मोकळा नाही," तो म्हणाला.

त्याने लॉइडला कधी विचारलं, हे व्हर्नाने विचारलं नाही. तिने आपल्या कपातली उरलेली कॉफी त्याच्या कपात ओतली.