लटारी सरदाराची आडवी काठी

आमच्या गावात नदीकाठच्या रस्त्यावर रोज पहाटे पावणेसहाला एक माणूस गुडघ्यावर बसतो. डोक्यावर खाणीतलं हेल्मेट. डाव्या हाताचा पंजा सिमेंटवर सपाट टेकलेला, उजव्या हातात लोखंडी टोपणाची काठी. काठी जमिनीवर हलकेच आपटायची, मान वाकडी करून ऐकायचं, चार पावलं पुढे सरकायचं, पुन्हा बसायचं. नवीन माणसाला वाटतं याची किल्ली हरवली असावी. एका पाहुण्याने तर पाणी पाजायला धाव घेतली होती. तेव्हा त्याने मान वर न करता सांगितलं, "गप राहा जी. जमीन बोलून राह्यली."

हा लटारी सरदार. सरदार म्हणजे पगडीवाला नव्हे. वणीकडच्या एका कोळशाच्या खाणीत तो मायनिंग सरदार होता. मजूर खाली उतरायच्या आधी आत जायचं, डोक्यावरचं छत काठीने ठोकून बघायचं आणि छत ठीक असेल तरच माणसं आत सोडायची, हे त्याचं काम. छत पक्कं असलं की 'टण्' वाजतं आणि सुटलेलं असलं की 'ढब्'. टेकलेल्या पंजाला ते कानाच्याही आधी कळतं, असं तो म्हणतो. तीस-बत्तीस वर्षं हेच केलं. रिटायर होऊन आमच्या गावात आला तेव्हा नदीकाठचा रस्ता नुकताच तयार झाला होता. सरदाराने पहिल्याच दिवशी तो ठोकून पाहिला आणि म्हणाला, "तिकडं भेव वरतं होतं. इथं खालतं हाये."

रस्ता तसा छान आहे. बसस्टँडकडच्या गेटपासून पुलाकडच्या गेटपर्यंत नदीच्या कडेकडेने जातो. मधे पिवळा पट्टा मारलाय; एका बाजूने चालणारे, एका बाजूने सायकलवाले, असं ठरलेलं आहे. प्रत्यक्षात सायकलच्या बाजूला हंगामात सोयाबीन वाळत असतं, चालायच्या बाजूला म्हशी असतात आणि पट्ट्यावर लग्न ठरलेली पोरं-पोरी फोटो काढत असतात. मी तिथे सायकल चालवते ती हौस म्हणून नाही. शुगर निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, चाला नाहीतर गोळ्या वाढवतो. चालायचा मला कंटाळा, म्हणून मुलीची जुनी सायकल बाहेर काढली. माझी पिठाची गिरणी आहे, ती आठला सुरू करायची असते. त्याच्या आत येऊन-जाऊन दोन फेऱ्या होतात.

सरदाराचे नियम फार. त्याची तपासणी होईपर्यंत आत जायचं नाही. उंबराच्या झाडाजवळ रस्ता नदीकडे वळतो, तिथे सायकलवरून उतरायचं आणि नदीची बाजू सोडून एकामागे एक चालत जायचं. सर्वांत मोठा नियम आडव्या काठीचा. खाणीत ज्या बोगद्याचा भरवसा नसेल त्याच्या तोंडाशी सरदार काठी आडवी टाकतो, मग पुढे साहेबसुद्धा जात नाही. "आडवी काठी ओलांडनाऱ्याले म्या कानफटात देल्ली हाये," तो अभिमानाने सांगायचा. "मंग तो रडला. पर जित्ता होता म्हनून रडला नं?"

त्याचं कोणी ऐकत नसे. आमच्या गावचे दाताचे डॉक्टर गिअरच्या सायकलवरून, गुडघ्यापर्यंतची तंग चड्डी घालून येतात. ते त्याला वळसा घालून सुसाट जात आणि वरून विचारत, "काय सरदार, आज काय म्हणते जमीन?" सरदार गंभीरपणे उत्तर देई, "तुमच्याबद्दल इचारत होती." महिला मंडळाच्या बायका तर त्याला सरळ बह्याड, म्हणजे खुळा, म्हणत. मी नियम पाळत असे. भक्तीने नाही, वाद घालायला वेळ नसे म्हणून.

हे खूळ रस्त्यापुरतं असतं तरी चाललं असतं. पुतण्याच्या लग्नात त्याने मांडवाचा खांब ठोकला, 'ढब्' ऐकलं आणि नवरीच्या मावशीला जेवता जेवता पानावरून उठवलं. मांडववाला अजून त्याच्याशी बोलत नाही. नागपूरला डोळे दाखवायला गेला तर लिफ्ट नको म्हणून पाच मजले चढला आणि प्रत्येक मजल्यावरच्या भिंतीची विचारपूस करून आला. घरी त्याची खाट खोलीच्या मधोमध नाही, दाराच्या चौकटीखाली असते. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगा पुण्याला आहे. म्हणजे खाट कुठे टाकावी हे सांगणारं घरात कोणी नाही.

माझ्या गिरणीत तो दोन किलो ज्वारीचा डबा घेऊन येई. आमच्याकडे डब्याला पत्र्याचा नंबरी बिल्ला असतो; एक डब्यात, एक गिऱ्हाइकाकडे. सरदार बिल्ला नीट दोन्ही बाजूंनी बघून खिशात ठेवी आणि मग कान टवकारून उभा राही. एकदा म्हणाला, "बाई, तुमचं जातं खाली फिरून राह्यलं." मी माप टाकायला उठलेच होते. जात्यात दाणा आहे की ते रिकामं फिरतंय हे मला पाठमोरं असतानाही कळतं. पंचवीस वर्षांचा कान आहे. पण बाहेरच्या माणसाला ते कळलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यानंतर मी त्याला बह्याड म्हणणं सोडलं.

चूक तिथेच झाली. कारण मग एकदा उंबराच्या वळणावर मी म्हटलं, "दाखवा बरं, काय ऐकता ते." त्याने माझा पंजा सिमेंटवर टेकवला आणि शेजारी काठी मारली. टण्. तळहाताला बारीक मुंग्या आल्यासारखं झालं. "हे जित्तं हाये," तो म्हणाला. "मेलेलं असन तं हाताले काहीच सांगत नाई."

मी भित्री बाई नाही. गिरणीच्या पट्ट्यात एकदा पदर गेला होता, तेव्हाही मी आधी बटण बंद केलं आणि मग ओरडले. पण त्या दिवसापासून वळण जवळ आलं की मी दहा पावलं आधीच सायकलवरून उतरायला लागले. घरी मी बाल्कनी ठोकून पाहिली. पाण्याची टाकी ठोकून पाहिली. आमचे हे म्हणाले, "त्या सरदाराची साथ लागली काय तुला?" टाकी 'टण्' वाजली होती, तरी मी तिच्याखालचं तुळशीचं रोप हलवलं.

पोळा झाला आणि तीन दिवस पाऊस धरून राहिला. नदी रस्त्याच्या काठाला लागली. चौथ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा सगळे खूश. सरदार तेवढा गिरणीत येऊन म्हणाला, "पानी चढते तवा भेव नसते बाई. उतरते तवा संगं काय घेऊन जाते, ते कोनं पाह्यलं?" मी म्हटलं, "उद्या तुम्ही बघालच की." तो म्हणाला, "हो, मी तं पाहीनच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरदार गेटवर नव्हता. सहा वाजून गेले होते. नदीवर धुकं होतं आणि गेट नुसतं लोटलेलं. त्याच्याशिवाय आत जायची मला सवय नव्हती, म्हणून मी पाच मिनिटं उगाच चेन बघत उभी राहिले. मग स्वतःचाच राग आला आणि आत गेले.

वळणावर नियमाप्रमाणे उतरले आणि काठी दिसली. रस्त्याच्या कडेला, नदीच्या बाजूला, गवतात पडलेली. आडवी नाही, रस्त्याला समांतर.

तो माणूस काठी हातातून सोडत नाही. सायकल चालवताना दांडीला बांधतो, जेवताना मांडीखाली ठेवतो. आणि ती तिथे पडली होती, तिच्यापलीकडे हातभर गवत आणि गवताच्या खाली गढूळ पाणी. मी "लटारीभाऊ" अशी हाक मारली. पाण्याच्या आवाजात माझी हाक मलाच ऐकू आली नाही. पुन्हा मारली. काठावर वाकून पाहिलं. एक प्लास्टिकची चप्पल अडकली होती, ती त्याची की कोणाची, काही केल्या आठवेना. रोज पाहत असलेल्या माणसाच्या पायात काय असतं हेही मला माहीत नव्हतं. हे मी लिहिते आहे ते खरं म्हणून. एरवी मी असलं कोणाला सांगत नाही.

मग डोकं थोडं चाललं. काठी त्याच्याबरोबर पडली असेल, किंवा त्याने आडवी टाकली असेल आणि कोणीतरी बाजूला केली असेल. जमीन पोकळ असेल तर काठी त्यानेच आडवी टाकलेली असणार. मी गुडघ्यावर बसले, पंजा टेकवला आणि काठी मारली.

ढब्.

हाताला काहीही कळलं नाही. एखाद्या उशीवर हात ठेवावा तसं. मी गुडघ्यांवरच मागे सरकले, पुन्हा ठोकलं. ढब्. आणखी मागे. टण्. मी त्या टण्वर उभी राहिले, सायकल रस्त्यात आडवी पाडली आणि काठी तिच्यापुढे आडवी टाकली. मागून महिला मंडळ येतच होतं.

"काय वो, पडल्या काय?" त्यांच्यातल्या एकीने विचारलं.

"पुढे जायचं नाही."

"काहून?"

"रस्ता पोकळ आहे."

त्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. "आता बाप्पा, याही गेल्या कामातून," एक म्हणाली. "शुगर वाढली असन," दुसरी म्हणाली. पण पुढे कोणी आलं नाही. उधारीवर दळण नेणाऱ्या तीन जणी त्यांच्यात होत्या.

तेवढ्यात पलीकडून शिट्टी ऐकू आली. धुकं जरा हललं आणि वळणाच्या त्या बाजूला हेल्मेट दिसलं. सरदार होता. जिवंत होता. त्याने एका हाताने डॉक्टरांच्या सायकलचं हँडल धरून ठेवलं होतं आणि त्याच्या मागे पलीकडच्या वस्तीतल्या ट्यूशनला येणाऱ्या सहा मुली सायकलींच्या घंट्या वाजवत उभ्या होत्या.

डॉक्टर ओरडले, "बाई, यांना सांगा हो काही! मी आत्ता यावरूनच आलो, काही झालं नाही. मला आवरून दवाखान्यात जायचंय."

"एक डाव आले ते नशीब," सरदार शांतपणे म्हणाला. "दोन डाव कायले?"

"काठी कोणी हलवली?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "मीच. कोणाच्या चाकात येईल म्हणून बाजूला ठेवली."

सरदार मला म्हणाला, "बाई, मी एकलाच. बाजू दोन. पोरींले काठी काय समजनार, म्हनून मी झाडीतून इकडं येऊन थांबलो. तुमी लोक मोठे, काठी समजाल असं वाटलं."

दोन-अडीच तास आम्ही असे दोन टोकांना उभे होतो, मधे साठेक फूट चांगला दिसणारा रस्ता. काहीही झालं नाही. एक कुत्रं त्यावरून आरामात चालत गेलं, तेव्हा सगळे हसले. मला हसू आलं नाही. ते पार जाईपर्यंत मी श्वास धरून होते, आणि पलीकडे सरदारानेही धरला होता हे मला इथून दिसत होतं. अखेर कोणीतरी फोन करून दोन मजूर आणवले. त्यातल्या एकाने कडेला उभं राहून पहार मारली. पहिल्या घावाला टवका उडाला. दुसऱ्या घावाला पहार त्याच्या हातातून सुटली, सरळ आत गेली आणि दिसेनाशी झाली. जरा वेळाने खालून पाण्याचा आवाज आला.

पलीकडे डॉक्टर आपल्या सायकलच्या टायरकडे बघत जमिनीवर बसले.

मी झुडपांमधल्या पायवाटेने सरळ गिरणीत आले, कारण नऊ वाजले होते आणि दारात डबे लागले होते. दहाच्या सुमारास डॉक्टर स्वतः येऊन सांगून गेले की सरदार अजून बसस्टँडच्या गेटवर बसलाय, उठत नाही. मी जातं बंद केलं आणि गेले. तो पुलावरून लांबचा फेरा मारून आला होता आणि गेटाच्या कट्ट्यावर हेल्मेट घालूनच बसला होता.

"का बसलात? चला घरी."

"एक जन आत राह्यला होता."

"कोण?"

"तुमी. गेटातून निंगाल्या नाई." त्याने हेल्मेट काढलं. "आता झालं."

तेव्हा मला कळलं. रोज माझ्या दोन फेऱ्या संपायच्या वेळी हा गेटवर सायकलला तेल घालत असे आणि मला वाटे, याची चेन कसली आहे. हा मोजत असे. आत किती गेले, बाहेर किती आले. त्याला बह्याड म्हणणाऱ्यांनासुद्धा.

आम्ही चालत निघालो. तो म्हणाला, "खानीत मी खालतं असलो का दिव्याच्या खोलीत माह्या नंबराचा बिल्ला खिळ्यावर राहे. मी वरते येऊन तो घेतल्याबिगर तिथला बाबू घरी जात नोता. माही बायको त्याले शिव्या दे, का तुमच्यामुळंच याले उशीर होते. आन् तो तिले म्हने, बाई, याच्यामुळं मले होते." तो हसला. मग एवढंच म्हणाला, "आज सकाळी काठी टाकली तवा ध्यानात आलं. पडलो असतो तं तुमी दळन सुरू केल्यावरच कोनाले मालूम पडलं असतं. आन् तेही डबा न्याले नाई आलो म्हनून."

गिरणीत आल्यावर मी बिल्ल्यांच्या फळीवरून सत्तावीस नंबर काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"माहा डबा तं आधीच हाये."

"डब्याचा नाही. सकाळी जाताना इथून घ्यायचा, आल्यावर इथे लावायचा. शटरखालून हात घातला की खिळा लागतो."

त्याने बिल्ला दोन्ही बाजूंनी पाहिला. "खानीत तीनशे बारा होता," म्हणाला.

"माझ्याकडे चाळीसच आहेत."

"चालते," म्हणाला आणि खिशात ठेवला.

त्या वळणाला आता पत्रे ठोकलेत, बाकीचा रस्ता चालू आहे. डॉक्टर गेटवर थांबतात, महिला मंडळही थांबतं. सरदार ठोकतो आणि म्हणतो, "चाला, आज हाये." मी मात्र आता एकच फेरी मारते. साडेसातला गिरणीत येऊन बसते. डबे आलेले असतात, पण जातं सुरू करत नाही. सुरू केलं तर त्याच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येत नाही. सत्तावीस नंबरचा खिळा रिकामा असतो. मी त्याच्याकडे बघत नाही, वजनकाटा पुसते. सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज येतो, बिल्ला खिळ्यावर वाजतो, आणि मग मी बटण दाबते.